दीड वाजता सोडा

नऊ बॅटऱ्या लागणार होत्या आणि सकाळी आठपर्यंत सहाच जमल्या होत्या. दोन ट्रॅक्टरच्या, एक सरपंचांच्या जीपची, दोन घाटात अडकलेल्या मालट्रकच्या, आणि एक आमच्या ऑफिसच्या गाडीची. वीजघराच्या फरशीवर त्या ओळीने मांडलेल्या होत्या. वीजघरातले जुने हेल्पर रहिमान मुल्ला उकिडवे बसून एकेकीचं तोंड पॉलिश पेपरने घासत होते.

"मॅडम, अजून तीन पायजेत," ते मान वर न करता म्हणाले. "आठवर मीटर जागचा हलायचा नाही."

"एसटी उभी आहे ना खाली फाट्यावर?"

"ड्रायव्हर देईना. म्हणतो, डेपोचा कागद आणा."

"डेपो पाण्यात आहे म्हणावं."

हे कुंभवण्याच्या धरणाखालचं वीजघर. एकच यंत्र, दीड मेगावॉटचं. मी तिथे कनिष्ठ अभियंता म्हणून लागले त्याला जेमतेम दहा महिने झाले होते. सव्वीस वर्षांची होते. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. नदीने काठ सोडला होता, घाट तीन ठिकाणी खचला होता आणि सपाटीवरून तालुक्याला वीज आणणारी मोठी लाइन चार खांबांसकट पुरात आडवी झाली होती. पाच दिवस सगळा तालुका अंधारात होता.

आणि आमच्या डोक्यावर धरण काठोकाठ भरलेलं. सांडव्यावरून पाणी असं कोसळत होतं की वीजघरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. त्या पाण्याशेजारी आमचं यंत्र पाच दिवस गप्प उभं होतं. लोक येऊन विचारायचे, "मॅडम, पाणी एवढं, मग वीज का नाही?" मी सांगायची की यंत्र पाण्याने फिरतं, पण त्यात वीज उठायला सुरुवातीला थोडी वीज द्यावी लागते. ती आम्ही मोठ्या लाइनवरूनच घ्यायचो. लाइन पडली की आम्हीपण आंधळे. अशा वेळेसाठी वीजघराची स्वतःची बॅटरी असते. ती दोन वर्षांपूर्वी निकामी झाली होती. नवी मागवल्याच्या पत्रांची फाइल माझ्याच टेबलावर होती, सात पत्रं, त्यातली दोन माझ्या सहीची.

आदल्या दिवशी वायरलेसवर वरिष्ठांशी शेवटचं बोलणं झालं होतं. "बाहेरची लाइन मेलेली असताना मशीन चालवायचं नाही. लेखी आदेश येईपर्यंत हात लावू नका." मग वायरलेसही गेला.

हात लावायचं मी ठरवलं त्याला कारण होती एक चिठ्ठी. निवळखेडच्या ट्रस्टच्या दवाखान्यातून सायमन कंपाउंडर सकाळी सहाला मोटरसायकलवर ती घेऊन आला होता. डॉक्टर पठारेबाईंचं अक्षर. "अकरा रुग्ण हवेतून प्राणवायू काढणाऱ्या यंत्रांवर आहेत. जनरेटरचं डिझेल दुपारी बारापर्यंत. त्यानंतर भरलेले सिलिंडर तीन. फार तर दीड-दोनपर्यंत ताणता येईल. पुढे माझ्या हातात काही नाही. तुमच्याकडे पाणी आहे असं ऐकते."

शेवटची ओळ मी कितीदा वाचली असेन.

नऊच्या सुमारास एसटीची बॅटरी आली. कागदाशिवाय. ड्रायव्हर स्वतःच खांद्यावर घेऊन आला, "माझी आत्या हाय तिथं," एवढंच म्हणाला. उरलेल्या दोन गिरणीवाल्याने आणि लग्नातल्या साउंडवाल्याने आणून दिल्या. नऊ झाल्या.

आता प्रश्न राहिला लाइनचा. आमच्याकडून निवळखेडला जाणारी लाइन वाटेत भैरवाच्या ओढ्यापलीकडे त्या पडलेल्या मोठ्या लाइनला जोडलेली होती. तिथला स्विच उघडून जोड तोडल्याशिवाय वीज सोडली असती, तर ती सगळी पुराच्या पाण्यात गेली असती आणि यंत्र क्षणात बंद पडलं असतं. कुणीतरी तिथवर जायला हवं होतं.

"म्या जातो," बिरू बोडेकर म्हणाला.

बिरू आमचा लाइनमन. धनगरवाड्यावरचा, पस्तिशीचा, बारीक चणीचा, कमी बोलणारा. पाच दिवसांत तो घरी गेला नव्हता. डोळे तांबारले होते. ते मी जागरणाचं समजले.

"ओढा उतरेल?"

"उतरतो की. न्हाई उतरला तर दोरी हाय."

"अर्थिंगची साखळी?" चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून काम करणारा माणूस ही साखळी लाइनवर अडकवतो.

"ती गावात तारा दुरुस्त करणाऱ्या टोळीकडं गेली. स्विच तर उघडायचाय, मॅडम. खालनं दांडा वढायचा. वर चढायचं कामच न्हाई."

मी परमिट लिहिलं. लाइनवर माणूस काम करणार असेल तर तसा कागद लिहून त्याच्या हातात द्यायचा, आणि तो कागद त्याने स्वतः परत आणून दिल्याशिवाय लाइनमध्ये वीज सोडायची नाही, हा आमच्यातला साधा नियम. बिरूने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, किती वाजल्यात?"

"पावणेदहा."

"जायला दीड तास. स्विच उघडायला धा मिनिटं. दीड वाजता सोडा. माझी वाट बघू नका."

"कागद परत आल्याशिवाय कसं सोडणार?"

"ओढा वाढला तर पलीकडंच बसंन म्या. कागद कोण आणंल? दीड म्हंजे दीड. तवर म्या नक्की मोकळा झालेला असणार." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. असं तो कधी पाहायचा नाही. "दीडला सोडा."

मुल्लाचाचा उठून त्याच्यामागे दारापर्यंत गेले. पाण्याच्या आवाजात दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला दिसला. बिरूने तो हात हळूच बाजूला केला आणि पावसात निघून गेला.

पुढचे तीन तास कसे गेले कळलं नाही. तेलाचा दाब आणणारा पंप विजेवरचा, म्हणून हातपंप. गावातली आठ माणसं आळीपाळीने तो मारत होती. पाण्याची झडप उघडायला चाक हाताने फिरवायचं, तीनशेवर फेरे. साडेअकराला यंत्र फिरू लागलं. जमीन थरथरली तेव्हा पंपावरची माणसं ओरडली, पण मी हात वर करून त्यांना थांबवलं. फिरणं वेगळं, वीज वेगळी. नऊ बॅटऱ्या जोडल्या. मीटरचा काटा चाळीसपर्यंत गेला आणि खाली पडला. पुन्हा जोडल्या. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा गिरणीवाल्याच्या बॅटरीची वायर गळून पडली आणि ठिणगीने चाचांची बोटं भाजली. त्यांनी बोटं तोंडात घातली, काढली, आणि वायर पुन्हा पिळली.

एक वाजायला दहा मिनिटं असताना काटा चढला आणि चढत गेला आणि जागेवर जाऊन थांबला. वीजघरातला एक दिवा लागला. साठ वॉटचा पिवळा बल्ब. सगळे त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

आता फक्त ब्रेकरचा दांडा वर करायचा होता, की लाइन जिवंत.

दीड वाजला. बिरू आला नाही.

"सोडायचं का, चाचा?"

"कागद कुठाय?"

"तो म्हणाला होता दीडला सोडा."

"तोंडानं म्हणाला. कागद त्याच्यापाशी हाय."

मी दोन पोरसवदा शेतकऱ्यांना ओढ्याकडे पिटाळलं. पावणेदोनला धापा टाकत परत आले. ओढा छातीपेक्षा वर गेला होता, खांब टेकाडाआड असल्यामुळे दिसत नव्हता, हाकेला ओ आली नव्हती.

तेवढ्यात सायमन आला. मोटरसायकल त्याने दारातच आडवी टाकली. "बाई, एक गेले. कोष्टीगुरुजी. सिलिंडर शेवटचा लावलाय, जास्त वाईट आहेत त्या चौघांत फिरवतोय. दोन-दोन मिनिटं एकेकाला." तो बोलता बोलता त्या पेटलेल्या बल्बकडे बघत होता. "इथं वीज आलीय की."

मी ब्रेकरकडे पाहिलं.

"आलीय ना वीज? मग?"

"लाइनवर माणूस आहे."

"कुठंय माणूस?"

"माहीत नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं. मग तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मी हिशेब करू लागले, माणसांचा. तिथे दहा उरलेत. इथे एक. तो एक स्वतःच सांगून गेलाय की सोडा. तो आता खाली उतरून पलीकडच्या काठावर बसला असेल, आपण सोडत का नाही म्हणून शिव्या देत असेल. किंवा ओढ्यातून वाहून गेला असेल. वाहून गेला असेल तर आपण एका मेलेल्या माणसासाठी दहा जिवंत माणसं मारतोय. हे सगळं मी मोठ्याने बोलले असणार, कारण चाचा म्हणाले, "मेला असंल तर मेल्याचं कळू द्या आधी."

"आणि तोवर तिकडे?"

"तिकडं डॉक्टर हाय, नशीब हाय. हितं फक्त तुमचा हात हाय."

मी ब्रेकरपाशी गेले. दांड्यावर हात ठेवला. गार होता. चाचा माझ्या आणि दांड्याच्या मध्ये आले नाहीत. ते झडपेच्या चाकापाशी उभे होते, यंत्राचा वेग सांभाळत, भाजलेली बोटं चाकावर. ते फक्त म्हणाले, "वढा. तुम्ही साहेब हाय. म्या न्हाई म्हणायचो न्हाई. पर वढल्यावर मागं घेता येत न्हाई."

दोन वाजून पाच मिनिटं. दहा मिनिटं. हात तसाच होता. मला आठवतं, मी तेव्हा शंभर आकडे मोजायचं ठरवलं, शंभर झाले की ओढायचं. शंभर झाले. मग पुन्हा एकपासून सुरू केलं. सायमन उठून गेला. जाताना म्हणाला, "मी काय सांगू तिथं? वीज आलीय पण बाई सोडत नाहीत, असं सांगू?" त्याच्या गाडीचा आवाज पाण्याच्या आवाजात बुडून गेला. पंपावरची माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. एसटीचा ड्रायव्हर दारात उभा होता, पाठमोरा.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी दारातून ड्रायव्हर ओरडला.

बिरू धरणाच्या रस्त्याने येत होता. पळत नव्हता, पाय ओढत होता. अंगावर बनियन उरलं नव्हतं. प्लास्टिकची पिशवी दातांत धरलेली. कपाळ फुटलं होतं आणि दोन्ही पंजे सोलून निघाले होते. आत येऊन त्याने पिशवी माझ्या हातात दिली. मी कागद पाहिलासुद्धा नाही, दांडा वर केला.

यंत्र कण्हलं. बल्ब विझल्यासारखा झाला, चाचांनी चाक अंगाचा भार टाकून फिरवलं, बल्ब पुन्हा उजळला. काटा डुलला आणि स्थिर झाला. लाइन धरून राहिली. सहा किलोमीटरवर निवळखेडात वीज पोचली होती.

माणसं ओरडली, एकमेकांना मिठ्या मारू लागली. ड्रायव्हर रडत होता. बिरू भिंतीला टेकून उभा होता.

"स्विचचा दांडा गंजला हुता," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "हललाच न्हाई. वर चढून हातानं तारा तोडल्या. तीन तारा. पावणेदोन वाजले असतील उतराया. येताना वळसा न घेता सरळ ओढ्यात उडी टाकली." मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आत्ता सोडली?"

"हो."

"दीडला न्हाई सोडली?"

"तुम्ही वर होता, बिरूभाऊ. दीडला सोडली असती तर..."

"म्या सांगितलं हुतं ना," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "सांगून गेलो हुतो ना, मॅडम, दीडला सोडा म्हणून."

तो तसाच, उघड्या अंगाने, निवळखेडच्या रस्त्याला लागला. मी हाक मारली, कपाळाला पट्टी तरी बांधून जा. त्याने वळून पाहिलं नाही. आता तो पळत होता.

मुल्लाचाचा चाकाला दोन्ही हातांनी धरून उभे होते. "बायको हाय त्याची तिथं," ते म्हणाले. "सुंदरा. परवापासनं. फुफ्फुसात पाणी झालंय."

मला आधी अर्थच लागला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यानंच सांगितलं. तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणाला. मॅडमना कळलं तर मला जाऊ देणार न्हाईत, दुसऱ्याला धाडतील, आणि दुसऱ्याला तो ओढा उतरायचा न्हाई."

"आणि तुम्ही मला अडवलंत. माहीत असून."

"म्या कुठं अडवलं?" चाचांचा आवाज फुटला. "माहीत हुतं म्हणूनच सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तुम्ही दीडला दांडा वढला असता. त्याच्या बायकोसाठी त्यालाच जाळला असता तुम्ही. आणि ती वाचली असती तरी तिला ते कधी सांगता आलं नसतं."

यंत्र सोडून जाता येत नव्हतं. पाचला गावातल्या टोळीचा ऑपरेटर आला तेव्हा मी निघाले. दवाखान्यात सगळीकडे दिवे होते. व्हरांड्यात माणसं उभी होती, मला बघून बाजूला झाली. काहींनी हात जोडले. त्या हात जोडण्याचं काय करायचं ते मला कळेना. पठारेबाई दारात भेटल्या. बाईंचे केस विस्कटलेले होते आणि एका पायात चप्पल नव्हती.

"सात आहेत," त्या म्हणाल्या. "सातही राहतील असं वाटतं."

"आणि सुंदरा बोडेकर?"

त्यांनी मान हलवली. "दोन वीसला. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. विचारत होती, वीज आली का."

बिरू मागच्या बाजूला पायरीवर बसला होता. कुणीतरी त्याच्या अंगावर दवाखान्याची चादर टाकली होती. मी शेजारी बसले. तो उठून गेला नाही, एवढंच. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. शेवटी तोच म्हणाला, "अकरा वर्षांची पोरगी हाय घरी. तिला काय सांगू ते ठरवतोय." मग थोड्या वेळाने उठला आणि धनगरवाड्याकडे गेला.

त्यानंतर अठरा दिवस, मोठी लाइन उभी राहीपर्यंत, कुंभवण्याच्या त्या एका यंत्राने निवळखेडचा दवाखाना, पाण्याची टाकी आणि दळणाच्या गिरण्या चालवल्या. त्या अठरा दिवसांत तिथली वीज एकदाही गेली नाही. बिरू पाचव्या दिवशी कामावर आला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, पूर्वीही तेवढंच बोलायचा, पण आता त्या गप्प राहण्याचा आवाज यायचा.

चौकशी नोव्हेंबरात लागली. मनाई असताना यंत्र का चालवलं, परक्या बॅटऱ्या का जोडल्या, अर्थिंग नसताना माणूस का पाठवला, आणि वीज तयार असताना दीडनंतर पासष्ट मिनिटं लाइन का सोडली नाही. शेवटचा प्रश्न मृतांपैकी एकाच्या नातेवाइकांच्या अर्जावरून आला होता. चौकशीचे साहेब बाहेरून आलेले, वयस्क, सभ्य. माझं झालं, चाचांचं झालं. चाचांनी सगळं स्वतःवर घ्यायचा प्रयत्न केला, साहेबांनी लिहून घेतलं नाही. मग बिरूला आत बोलावलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. मला वाटलं, आता तो बोलेल, आणि बोलला तर बरं होईल.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही दीड वाजता वीज सोडायला सांगितली होती?"

"व्हय."

"मॅडमनी सोडली नाही."

"न्हाई सोडली."

"त्या वेळात तुमची पत्नी वारली. बरोबर?"

"व्हय."

साहेबांनी चष्मा काढला. "बोडेकर, मला यावर शेरा लिहायचा आहे. उशीर झाला, त्यात मॅडमची चूक होती की नव्हती? तुमचं म्हणणं मी महत्त्वाचं धरीन."

बिरूने टोपी हातात घेतली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. तसं सरळ त्याने माझ्याकडे त्या सकाळनंतर प्रथमच पाहिलं.

"मॅडमनी वाट बघितली म्हणून म्या जिता हाय," तो म्हणाला. "आणि मॅडमनी वाट बघितली म्हणून माझी बायको गेली."

"ते कळलं. पण मला दोन्ही लिहिता येणार नाही. चूक की बरोबर, एकच काहीतरी सांगा."

"दोन्ही लिवा, साहेब."

"तसं लिहायची पद्धत नाही."

"मग नका लिवू," बिरू म्हणाला, आणि टोपी घालून बाहेर गेला.

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवला आणि खाली लिहिलं की कुंभवणे वीजघराला तातडीने नवी बॅटरी द्यावी, लाइन तोडण्याचा स्विच ओढ्याच्या अलीकडे घ्यावा आणि बाहेरची लाइन पडल्यास तालुक्यापुरती वीज सोडण्याचा अधिकार वीजघरातल्या अभियंत्याला असावा. ते सगळं दीड वर्षात झालं. त्याला आता बारा वर्षं होतील. कितीक पूर आले, निवळखेडचा दवाखाना पुन्हा अंधारात गेला नाही.

मोकळा ठेवलेला तो रकाना मी माझ्या मनाशी पुष्कळदा भरून पाहिला आहे. भरते, आणि दुसऱ्या दिवशी पुसावा लागतो.